खुशीचे पैसे कोणाच्या खात्यात?

ब्युटी पार्लरमध्ये काम झाल्यावर तुम्ही त्या मुलीला वर काही देता का? आणि देत असाल तर कसं? पर्समधून नोट काढून की मोबाइल काढून? गेले काही महिने हा प्रश्न मी शाळेतल्या सहकारी शिक्षिकांना, नात्यातल्या बायकांना, शेजारणींना विचारत आले आहे. उत्तरं साधारण तीन प्रकारची मिळतात. पहिलं, ‘बिल दिलं ना, मग वर कशाला?’ दुसरं, ‘आधी सुट्टे उरले की द्यायचे, आता पर्समध्ये सुट्टे असतातच कुठे?’ आणि तिसरं, जे आजकाल सगळ्यात जास्त ऐकू येतं, ‘मी तर स्कॅन करतानाच पन्नास रुपये जास्त टाकते.’

हे तिसरं उत्तर देणारी बाई दिलदार असते. आपण दिलेले पन्नास रुपये त्या मुलीला मिळाले, अशा समाधानात ती जिना उतरते. मला आज तिच्याशीच बोलायचं आहे. भिंतीवर चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन मुलीचा नसतो, मालकिणीचा असतो. कार्ड घासलं तरी तेच. तिथून पुढे ते पन्नास रुपये कुठे जातात, हे देणाऱ्या बाईला कधी कळत नाही, आणि बहुतेक वेळा ती विचारतही नाही.

आमच्या शहरात या पैशांना ‘टिप’ म्हणणारे थोडेच. भाषा शिकवते म्हणून शब्दांचा नाद आहे, त्यामुळे दोन वाक्यं त्याबद्दल. उर्दूत याला बख्शिश म्हणतात. मूळ फारसी क्रियापदाचा अर्थ देणं, बहाल करणं. त्यातूनच उर्दूतलं ‘बख्श देना’, म्हणजे माफ करणं, आलं. तोच शब्द मराठीत बक्षीस होऊन शाळेच्या व्यासपीठावर जाऊन बसला, आणि जमिनीच्या कागदांत बक्षीसपत्र झाला. मराठी घरांत पोस्टमनला, कचरा नेणाऱ्याला दिवाळीत मिळते ती पोस्त. उत्तर प्रदेशातून लूमच्या कामासाठी इथे येऊन स्थायिक झालेल्या घरांत लग्नात न्हाव्याला, त्याच्या बायकोला मिळतो तो नेग. भिवंडीच्या पार्लरमध्ये मात्र साधा शब्द चालतो, खुशी. ‘बाजी, खुशी से जो देना है दे दो.’

या शब्दात एक हिशेब आहे. बिल दुकानाचं असतं, ते ठरलेलं असतं. खुशी देणाऱ्याच्या मनाची असते, आणि ती कोणाला द्यायची हेही देणाराच ठरवतो. जिने तासभर मान खाली घालून माझ्या हातावर काम केलं, तिच्यासाठी ती असते.

नखांचं आणि हातांचं काम आपल्याकडे काही मॉलबरोबर आलेलं नाही. गावगाड्यात न्हावी हजामतीबरोबर नखंही काढायचा. त्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी नखं काढायची नराणी असायची. या कामाचं बलुतं त्याला सुगीला धान्यात मिळायचं आणि लग्नकार्यात मान वेगळा. बलुतं हक्काचं, मान खुशीचा. दोन्ही एकाच पोत्यात ओतले जात नसत, आणि मानाचा नारळ, पागोटं पाटलाच्या घरून फिरून न्हाव्याकडे यायचं नाही. ज्याचा मान त्याच्या हातात. गावगाड्यात अन्याय भरपूर होते, त्याची आठवण काढून मला उसासे टाकायचे नाहीत. एवढंच म्हणायचं आहे की मजुरी आणि खुशी हे वेगळे कप्पे आहेत, ही समज जुनी आहे.

आता पार्लर. मुंबई-ठाण्यात नुसत्या नखांचीच सलून झाली आहेत. तिथे जेल, एक्स्टेंशन, नखांवर नक्षी, आणि तासाभराचं बिल हजारांत. भिवंडीत अशी पाटी विरळा. त्याचं एक कारण घरगुती आहे. नेलपॉलिशचा थर असला की वजूचं पाणी नखापर्यंत पोहोचत नाही, म्हणून नमाजी बायका ती लावत नाहीत, किंवा नमाज माफ असलेल्या दिवसांतच लावतात. मेंदीचं तसं नाही. ती नख रंगवते, नखावर थर धरत नाही. त्यामुळे आमच्याकडे हातांचा खरा धंदा मेंदीचा. बाकी वर्षभर आयब्रो, व्हॅक्स, फेशियल, मॅनिक्युअर, लग्नसराईत नवरीचा मेकअप. आणि चाँदरातीला मेंदी.

चाँदरात ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. रमजानचा शेवटचा रोजा सुटला, चाँद दिसला की बाजार रात्रभर जागा राहतो. पार्लरच्या जिन्यावर बायका आणि मुली ओळीने बसलेल्या असतात. आत सात-आठ मुली कोन हातात घेऊन पाटावर वाकलेल्या. यांतल्या निम्म्या मुली माझ्या किंवा माझ्या सहकाऱ्यांच्या वर्गातून गेलेल्या. त्यांचाही तो शेवटचा रोजा असतो. पाणी-खजूर घेऊन त्या बसतात ते पहाटेपर्यंत. एका हाताचे ठरलेले पैसे दुकानाचे; त्यात मुलीचा वाटा कुठे निम्मा, कुठे कमी, कुठे नुसता महिन्याचा पगार. पण त्या रात्री बायका सढळ असतात. ईद असते, ईदीचा हात असतो. ‘ले बेटा, तेरी ईदी’ म्हणून वीस, पन्नास, कधी शंभराची नोट मुलीच्या दुपट्ट्यात टाकली जायची. मुलीच्या हाताला मेंदी लागलेली, म्हणून ती दुपट्टा पुढे करायची. सकाळी घरी जाताना ती गाठ सोडून पैसे मोजायचे, हा तिचा सण.

ती गाठ आता हलकी झाली आहे. रोख संपली असं नाही, पण कमी झाली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने पहिला धक्का दिला. यूपीआय त्याच वर्षी सुरू झालं होतं. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेणं बंद झालं, मग कोरोना आला, नोटेला हात लावायची भीती बसली, आणि बघता बघता भाजीच्या गाडीपासून पार्लरच्या आरशापर्यंत तो चौकोन पोहोचला. यात वाईट काही नाही. मीही चहाचे दहा रुपये मोबाइलनेच देते. प्रश्न त्या वरच्या पन्नास रुपयांचा आहे. नोट होती तोवर ती हातातून हातात जायची. आता मध्ये एक खातं आलं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिचं नाव आणि पार्लर दोन्ही सांगणार नाही. वय एकोणीस. वडील लूमवर, विणलेल्या मीटरवर पैसे. वीज गेली की मीटर थांबतात आणि पैसेही. दहावीत ती चांगल्या मार्कांनी पास झाली, मराठीत तर उर्दूइतकेच मार्क. मग आजी आजारी पडली, कॉलेज राहिलं, आणि ती एका पार्लरमध्ये शिकाऊ म्हणून लागली. तिला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी द्यायची होती. त्यासाठी ती पैसे साठवत होती, आणि ते पगारातून साठवणं शक्यच नव्हतं. पगार घरी जायचा. तो ठरलेला असतो, घरच्यांना तो पाठ असतो, तारखेला अम्मीच्या हातात ठेवायचा असतो. साठायची ती खुशी. दूध पावडरच्या डब्यात वीस-वीसच्या नोटा.

एकदा बाजारात भेटली. विचारलं, फॉर्मचं काय झालं? म्हणाली, ‘टीचर, डब्बा भर ही नहीं रहा. सब लोग स्कॅन करते हैं.’

मी म्हटलं, मग स्कॅन केलेले जास्तीचे पैसे मालकीण देते ना? तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. पार्लरमध्ये पैसे आल्याची घोषणा करणारा डबा आहे. तो ओरडतो, ‘तीन सौ पचास रुपये प्राप्त हुए.’ बिल तीनशेचं असतं. वरचे पन्नास कोणाचे ते सगळ्या खोलीला ठाऊक असतं. गिऱ्हाईक तिच्याकडे बघून हसतं, ती ‘शुक्रिया आंटी’ म्हणते, आणि पैसे बाजीच्या खात्यात. सुरुवातीला बाजी संध्याकाळी गल्ल्यातून काढून द्यायची. मग आठवड्याला द्यायला लागली. मग म्हणाली, महिन्याला एकदम देऊ. महिन्याला जे हातात आलं त्याचा ताळा लागेना. ‘मागितलं का?’ या प्रश्नावर तिने खांदे उडवले. खुशीचे पैसे मागायचे कसे? ज्या पैशाचं नावच खुशी आहे, त्याच्यासाठी भांडलं तर मुलगी लालची ठरते.

मी विचारलं, तुझं स्वतःचं खातं आहे की, शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं. त्याचा चौकोन छापून घे, गळ्यात घाल. यावर ती हसली. त्या खात्याला मोबाइल नंबर भावाचा आहे. खातं उघडलं तेव्हा घरात एकच फोन होता, तो त्याच्याकडे. आजही पैसे आले की मेसेज भावाला जातो. भाऊ वाईट नाही, पण त्याला कळलं की महिन्याला वरचे सात-आठशे येतात, तर ते सात-आठशे घरखर्चात धरले जाणार. दुधाच्या बिलात, गॅसच्या टाकीत. मग डबा कसला आणि बारावी कसली?

हे ऐकेपर्यंत मला वाटत होतं की हा मालकीण आणि मुलगी यांच्यातला प्रश्न आहे. तो तेवढाच नाही. बायकांच्या हातातल्या रोख पैशाला एक मोठी सोय होती, तो कोणाला सांगून येत नसे. आपल्या आज्या तांदळाच्या डब्यात, गादीखाली, पदराच्या गाठीत पैसे ठेवायच्या, ते कंजूषपणा म्हणून ठेवत नव्हत्या. कोणाचं बाळंतपण, कोणाच्या माहेरी जायचं भाडं, कोणाच्या मुलीची फी, हे त्या गाठीतून सुटायचं. गल्लीगल्लीतल्या बायकांच्या भिशीची सुरुवातही त्या गाठीतच होते. डिजिटल पैसा पारदर्शक असतो असं आपण कौतुकाने म्हणतो. सरकारी कंत्राटात, शाळेच्या अनुदानात ती पारदर्शकता हवीच. पण एकोणीस वर्षांच्या मुलीच्या पन्नास रुपयांची घोषणा डब्याने करावी आणि त्याची खबर भावाच्या खिशात वाजावी, ही पारदर्शकता तिच्या कामाची नाही.

मी त्या मालकिणीलाही भेटले. तीही ओळखीची निघाली. एवढ्याशा शहरात कोण ओळखीचं नसतं? ती काही खलनायिका नाही. घरच्या एका खोलीत दोन खुर्च्या टाकून तिने धंदा सुरू केला, पुढे भाड्याची जागा घेतली. तिचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. ‘टीचर, खात्यात येतं ते सगळं एकत्र येतं. त्यातून भाडं जातं, लाइटबिल जातं, मेंदीचे कोन, क्रीम जातं. महिन्याच्या शेवटी त्यातलं कुठलं पन्नास कोणाचं, हे मी कसं सांगू?’ दुसरं म्हणाली, क्रेडिट कार्डाने कोणी पैसे दिले तर बँक काही टक्के कापून घेते, वरच्या पन्नासावरसुद्धा. आणि तिसरं, जे खात्यात दिसतं ते सगळं सरकारला माझीच कमाई वाटणार.

ही तिसरी भीती पोकळ नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूतल्या कित्येक दुकानांनी ते चौकोन काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या होत्या. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. आमच्या गल्लीतलं पार्लर त्याच्या जवळपासही जात नसेल. पण भीतीला आकडे कोण समजावणार? शिवाय खात्यात मजुरी, माल आणि खुशी एकत्र मिसळलेली असेल, तर उद्या कोणी विचारलं तेव्हा वेगळं काढून दाखवणार कसं? म्हणजे वेगळा हिशेब ठेवणं मुलीच्या फायद्याचं आहेच, मालकिणीच्याही आहे.

आणि त्या पैशांचा मालक कोण, हा प्रश्न आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे, हे मला स्वतःला हे सगळं शोधताना कळलं. खटला पार्लरचा नव्हता, मोठ्या हॉटेलांचा होता. आयटीसी विरुद्ध आयकर खातं. हॉटेलात पाहुणे क्रेडिट कार्डाने बिल देताना त्यातच टिप लिहायचे. पैसे हॉटेलच्या खात्यात यायचे आणि हॉटेल ते नंतर कर्मचाऱ्यांना वाटायचं. आयकर खात्याचं म्हणणं होतं, मालकाच्या हातून आले म्हणजे तो पगारच झाला, त्यावर हॉटेलने कर कापायला हवा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ते मान्य केलं होतं. २६ एप्रिल २०१६ ला न्यायमूर्ती कुरियन जोसेफ आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. न्यायालयाच्या म्हणण्याचा सार असा, की टिप गिऱ्हाईक देतं, मालक देत नाही. म्हणून ती पगार होत नाही. कार्डाने दिलेली टिप मालकाच्या खात्यात येते तेव्हा तो ती कर्मचाऱ्यांच्या वतीने, विश्वासाने सांभाळत असतो. मिळणाऱ्याने आपल्या उत्पन्नात ती दाखवावी, पण ती मालकाची कमाई नव्हे.

खटला करकपातीचा होता, पार्लरमधल्या मुलीला हक्क मिळवून देण्यासाठी नव्हता, हे खरं. टिप कोणाची आणि ती किती दिवसांत द्यायची हे सांगणारा वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. पण त्या निकालात जी कल्पना आहे तिच्यासाठी आमच्या घरांत एक शब्द आहे, जो समजावायला वकील लागत नाही. अमानत. कोणी विश्वासाने तुमच्याकडे ठेवलेली वस्तू. ती तुमच्या कपाटात असते, पण तुमची नसते. मराठीतही हा शब्द आहे, थोडा उलटापालटा होऊन आला आहे. आपण ‘अनामत रक्कम’ म्हणतो ती हीच. शाळेच्या प्रयोगशाळेची अनामत, भाड्याच्या घराची अनामत. अनामत खर्चायची नसते, परत करायची असते, हे मराठी शाळेतल्या आणि उर्दू शाळेतल्या कारकुनाला सारखंच ठाऊक असतं.

मालकिणीला मी निकाल सांगितला नाही, हा शब्द सांगितला. ती नमाज-रोजा पाळणारी आहे. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण तिला माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. ती म्हणाली, मजुरी मी कधीच ठेवली नाही. मी म्हटलं, मजुरी नाहीच ठेवलीत. अमानत ठेवली आहे. त्यावर ती बराच वेळ गप्प होती.

बाहेरच्या जगात हा प्रश्न केवढा मोठा आहे, हेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत नखांच्या सलूनचा धंदा व्हिएतनामी बायकांनी उभा केला. १९७५ मध्ये युद्धातून पळून कॅलिफोर्नियात आलेल्या निर्वासित बायकांच्या छावणीत टिप्पी हेड्रन ही सिनेनटी जायची. तिची रंगवलेली नखं त्या बायकांना आवडली, म्हणून तिने आपली नखं करणारी बाईच त्यांना शिकवायला आणली. वीस बायका शिकल्या आणि पुढे तो त्यांच्या लोकांचा पोटाचा धंदा झाला. त्या देशात टिप ही खुशी राहिलेलीच नाही. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायची किमान मजुरी केंद्रीय कायद्याने तासाला २.१३ डॉलर आहे, आणि ती १९९१ पासून तेवढीच आहे. बाकीची भर टिपेने पडायची. काही राज्यांनी जास्त ठरवली आहे, पण पाया हा. म्हणजे गिऱ्हाईकाने मालकाच्या वाटची मजुरी द्यायची. २०१८ मध्ये तिथे कायदा झाला की मालकाला कामगाराची टिप ठेवून घेता येणार नाही. तरी कार्डाने दिलेल्या टिपेतून बँकेच्या शुल्काचा हिस्सा कापायला केंद्रीय नियमांत मुभा आहे. तिथे राहणारी माझी मावसबहीण सांगते, नखांच्या बऱ्याच दुकानांत बिल कार्डाने घेतात आणि शेजारीच पाटी असते, टिप रोख द्यावी.

ब्रिटनने अलीकडे स्वच्छ उत्तर दिलं. तिथे २०२३ मध्ये टिपेच्या वाटपाचा कायदा झाला आणि तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. कार्डाने आलेली टिप असो की मालकाच्या ताब्यातली रोख, ती पूर्ण कामगारांना द्यायची, बँकेचं शुल्क त्यातून कापायचं नाही, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत द्यायची, आणि त्याची नोंद ठेवायची. हॉटेल असो, सलून असो. श्रीमंत देशाला एवढ्याशा पैशांसाठी कायदा करावा लागला, यातच कळतं की खात्यात आलेला पैसा आपोआप हक्काच्या माणसाकडे जात नाही.

आपल्याकडे असा कायदा झाला तरी तो गल्लीतल्या पार्लरच्या जिन्यावर चढेल का, याची मला शंका आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतूनच मोकळीक दिली होती. आमच्या बहुतेक पार्लरमध्ये तीन-चार मुली. त्यामुळे कायद्याची वाट बघत बसण्यापेक्षा गिऱ्हाईक म्हणून आपल्याला काय करता येईल ते सांगते. गिऱ्हाईक आपणच आहोत, आणि या खोलीत आपला शब्द चालतो.

पर्समध्ये वीस-पन्नासच्या चार नोटा ठेवा. बिल मोबाइलने द्या, खुशी हाताने द्या. हा सगळ्यात सोपा उपाय आहे. नोट नसेल तर स्कॅन करण्याआधी मुलीला विचारा, ‘तुझा नंबर आहे का?’ ती हो म्हणाली तर तिला पाठवा. ती नाही म्हणाली किंवा घुटमळली, तर आग्रह करू नका. तिच्या फोनवर कोणाकोणाचे डोळे असतात ते आपल्याला माहीत नसतं. दुकानाच्याच चौकोनावर द्यायचं झालं तर दोनदा स्कॅन करा, एकदा बिल, एकदा खुशी, म्हणजे डबा दोन वेगळे आकडे बोलेल. आणि मालकिणीला ऐकू जाईल असं म्हणा, ‘हे हिचे.’ कार्ड असेल तर कार्डात बिलापेक्षा जास्त टाकूच नका. आणि मुलीसमोर, गर्दीत, ‘तुला मिळतात का गं पैसे?’ असं विचारू नका. तिला मालकिणीसमोर ‘हो’च म्हणावं लागतं.

मालकिणींसाठी सांगणं एकच आहे. एक वही ठेवा. दुकान बंद करताना दिवसभरात वरचे किती आले, कोणाचे, ते लिहा आणि त्याच दिवशी किंवा निदान आठवड्याला हातात द्या. आणि खुशी जास्त येते म्हणून पगार कमी धरू नका, कारण तिथून पुढे रस्ता त्या २.१३ डॉलरकडे जातो.

माझ्या त्या विद्यार्थिनीचं काय झालं, हे विचाराल. चमत्कार काही झाला नाही. जुना हिशेब लागला नाही, तो कुठे लिहिलेलाच नव्हता. पण त्या पार्लरमध्ये आता वही आहे. चाळीस पानी, शाळेत मिळते तशी, आरशाच्या मागे खिळ्याला दोरीने बांधलेली. त्यात मुलींची नावं उर्दूत आणि आकडे इंग्रजीत. मुलगी स्वतः लिहिते, बाजी शनिवारी सही करते आणि पैसे नोटांत देते, कारण मुलींनी नोटाच मागितल्या. सहा आठवड्यांत एका मुलीच्या नावापुढे किती जमले ते मी वाचलं. आकडा सांगत नाही, पण १७ नंबरच्या फॉर्मला पुरून उरेल एवढा होता. फॉर्मची मुदत अजून आहे. मराठीचा पेपर माझ्याकडे शिकायचा ठरला आहे, रविवारी दुपारी, पार्लरमध्ये गर्दी सुरू व्हायच्या आत.